फिटच्या गोळ्या आणि पहिले आठ आठवडे

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात अपस्मारावर व्याख्यान होते. विषय चांगला मांडला गेला. पण प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि दहा मिनिटांत सभागृहात दोन तट पडले. एका बाईंनी विचारले, फिटच्या दोन गोळ्या एकत्र सुरू केल्या की अंगाची कातडी सुटते, हे खरे का? मागून एक गृहस्थ उठून म्हणाले, "एक विष पुरत नाही म्हणून दुसरं देतात, मग दुसरं काय होणार?" व्यासपीठावरचे डॉक्टर चिडले. "लाखात एखाद्याला होतं, त्याला नशीब म्हणतात. तुम्ही असं बोलता आणि लोक गोळ्या बंद करतात." दोघांनाही टाळ्या पडल्या. बाईंना मात्र उत्तर मिळाले नाही. मी शेवटच्या रांगेत होते आणि माझ्या शेजारी काळा चष्मा लावून माझी भाची बसली होती. संध्याकाळी सात वाजता, बंद सभागृहात, काळा चष्मा का, ते पुढे येईल.

माझे म्हणणे आधीच सांगते. हे दोन्ही गट नको त्या गोष्टीवर भांडत आहेत. लॅमोट्रिजिन आणि व्हॅल्प्रोएट या फिटच्या दोन गोळ्यांच्या जोडीला विष म्हणणे खोटे आहे आणि तिच्यातून होणाऱ्या इजेला नशीब म्हणणेही खोटे आहे. धोक्याचा मोठा वाटा नवी गोळी किती वेगाने चढवली यात असतो आणि तो बहुतेक पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत दिसतो. म्हणजे धोका कधी येणार हे आपल्याला ठाऊक आहे, कशाने वाढतो हे ठाऊक आहे, त्याची पहिली खूण ठाऊक आहे. तरीही त्या आठ आठवड्यांवर लक्ष ठेवण्याचे काम आज कोणाच्याच नावावर नाही. ते डॉक्टरच्या, औषध दुकानदाराच्या आणि घरच्या माणसांच्या नावावर लेखी चढले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

कातडी सुटण्याच्या या आजाराचे नाव स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. 1922 साली न्यूयॉर्कमधल्या दोन डॉक्टरांनी दोन मुलांमध्ये पाहिलेल्या ताप, डोळे आणि तोंडाची आग, अंगभर पुरळ अशा आजाराचे वर्णन लिहिले, त्यांच्यावरून हे नाव पडले. 1956 मध्ये ॲलन लायल यांनी त्याच्याच भयंकर रूपाचे वर्णन केले, त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. त्यात भाजलेल्या माणसासारखी कातडी पापुद्र्यापापुद्र्याने निघते. शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी भाग सुटला तर पहिले नाव, तीस टक्क्यांच्या वर गेला तर दुसरे. दुसऱ्या प्रकारात दहातले तीन किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावतात. फिटच्या औषधांपैकी लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन ही या आजाराशी जोडली गेलेली मुख्य औषधे आहेत.

आता भाचीची गोष्ट. तिच्या परवानगीने लिहिते आहे. वय 24. सोळाव्या वर्षापासून व्हॅल्प्रोएट चालू, फिट आटोक्यात. घरात लग्नाचे बोलणे सुरू झाले तेव्हा तिच्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले की ही गोळी गरोदरपणात चालणार नाही, हळूहळू बदलू. हे शंभर टक्के बरोबर होते. गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या मुलांत शंभरी सुमारे दहा मुलांना जन्मजात व्यंग असते आणि तीस ते चाळीस मुलांच्या वाढीत, बोलण्यात किंवा शिकण्यात अडचणी येतात. म्हणून लॅमोट्रिजिन सुरू करायचे, ते पुरेसे चढले की व्हॅल्प्रोएट उतरवायचे, असे ठरले. डॉक्टरांनी तोंडी सांगितले, "पंचवीसची गोळी, एक दिवसाआड, दोन आठवडे." चिठ्ठीवरचे अक्षर मात्र डॉक्टरांचे होते.

मेडिकलमध्ये पंचवीसची स्ट्रिप नव्हती. काउंटरवरच्या मुलाने पन्नासची दिली आणि अर्धी करून घ्या म्हणाला. मग त्याने निळ्या बॉलपेनने स्ट्रिपच्या पाठीवर खूण केली: अर्धी, शून्य, अर्धी. सकाळी अर्धी, रात्री अर्धी. पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने अशी खूण पाहिली आहे. आपण चिठ्ठी पुन्हा वाचत नाही, ती खूण वाचतो. माझ्या बहिणीनेही तीच वाचली. दोन आठवडे तिने चिमटीत गोळी धरून सुरीने बरोबर मधोमध कापली. एक वेळ चुकवली नाही.

मी तीस वर्षे एका सहकारी बँकेत हिशेब तपासले. त्यामुळे नंतर मी जे पहिले केले ते म्हणजे बेरीज. एक दिवसाआड पंचवीस मिलिग्रॅम म्हणजे चौदा दिवसांत 175. रोज पंचवीस अधिक पंचवीस म्हणजे चौदा दिवसांत 700. बरोब्बर चौपट. आणि हा झाला फक्त पोटात गेलेला आकडा. रक्तातला आकडा वेगळा असतो.

यकृत लॅमोट्रिजिनला साखरेपासून बनलेला एक रेणू चिकटवते आणि तसे ते लघवीवाटे बाहेर पडते. एकटे असताना त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण एक दिवस लागतो. व्हॅल्प्रोएट त्या चिकटवण्याच्या कामातच अडथळा आणते, तेव्हा तेवढ्यालाच अडीच-तीन दिवस लागतात. येणारे पाणी तेच, मोरी मात्र अर्धी तुंबलेली. उलट कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर यकृत लॅमोट्रिजिन जास्त वेगाने बाहेर टाकते. म्हणून एकाच औषधाची सुरुवात मोठ्या माणसांत तीन तऱ्हांनी होते. व्हॅल्प्रोएटबरोबर पंचवीस मिलिग्रॅम एक दिवसाआड, एकट्याने घेतले तर रोज पंचवीस, कार्बामाझेपिन-फेनिटॉइनबरोबर रोज पन्नास. भाचीच्या पोटात रोज पन्नास जात होते, म्हणजे जिची मोरी मोकळी आहे तिचे माप, जिची तुंबली आहे तिला.

पुणेकराला हे समजावायला दुसऱ्या कोणत्या उदाहरणाची गरज नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले ते का? त्याचे कारण नुसता पाऊस नव्हता. धरणाचे काम पुरे व्हायचे होते, पाणी सोडण्याच्या व्यवस्थेचे काम अर्धवट होते, आणि त्या स्थितीत पहिल्याच पावसाळ्यात पाणी चढू दिले गेले. निचरा अपुरा, भरणा जोरात. पुढे खडकवासलाही गेले आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतर कोणी असे म्हटले का, की धरणेच बांधू नका? किंवा असे, की लाखात एखादे धरण फुटते, नशीब म्हणायचे? धरण पुन्हा बांधले आणि ते भरण्याची शिस्त घातली. गोळीबद्दल आपण तेवढे शहाणपण का दाखवत नाही?

सतराव्या दिवशी भाचीच्या छातीवर लाल पुरळ उठले. घराजवळच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून सेट्रिझिन दिले. नवीन कुठले औषध सुरू केले आहे का, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही, कारण फिटची गोष्ट फार जणांना सांगायची नाही असे घरात ठरलेले. दुसऱ्या दिवशी ताप आला, तोंड आले. माझी बहीण म्हणाली उष्णता झाली असेल आणि तिने सब्जा भिजत घातला. मीच फोनवर गुलकंद दे म्हणाले. त्या रात्रीही गोळी कापून दिली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीचे डोळे चिकटून बसले होते, ते उघडेनात, आणि मानेखालचा भाग उशीला घासला तिथली कातडी ओल्या कागदासारखी सरकली. मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "गेल्या दोन महिन्यांत कोणती गोळी नवीन सुरू झाली?" जळीत विभागात तिला तेवीस दिवस ठेवले. ती वाचली. डोळ्यांतला ओलावा मात्र गेला तो परत आला नाही. दर दोन तासांनी थेंब, आणि दिव्याच्या उजेडातही काळा चष्मा.

आता समोरच्यांचे म्हणणे पाहू, आणि तेही त्यांच्या सर्वांत भक्कम जागी.

डॉक्टर म्हणाले, हे विरळ आहे. खरेच विरळ आहे. लॅमोट्रिजिन घेणाऱ्या शंभरातल्या दहा जणांना काही ना काही पुरळ येते आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असते. पण 'लाखात एक' हा आकडा चुकीच्या खात्यातून उचललेला आहे. सगळ्या लोकसंख्येत, कोणतीही गोळी न घेणारे धरून मोजले तर हा आजार वर्षाला दहा लाखांत मोजक्यांना होतो. पण ज्याने कालच लॅमोट्रिजिन सुरू केले त्याला सगळ्या लोकसंख्येचा आकडा सांगून काय उपयोग? औषधाच्या अधिकृत माहितीपत्रात गंभीर पुरळाचे प्रमाण मोठ्या माणसांत दहा हजारी आठ ते तीस आणि मुलांत हजारी तीन ते आठ दिले आहे. त्याच पत्रात आणखी एक हिशेब आहे. चाचण्यांमध्ये व्हॅल्प्रोएटबरोबर लॅमोट्रिजिन घेतलेल्या 584 प्रौढांपैकी 6 जणांना पुरळामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले, म्हणजे शंभरी एक. व्हॅल्प्रोएटशिवाय घेतलेल्या 2,398 जणांपैकी 4 जणांना. प्रमाण सहापट. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रावर काळ्या चौकटीतला इशारा 1997 पासून आहे आणि त्यात वेगाने चढवणे व व्हॅल्प्रोएटची जोड ही दोन कारणे नाव घेऊन लिहिली आहेत. जो धोका सगळ्यांत सारखा वाटलेला असतो त्याला नशीब म्हणता येईल. जो एका विशिष्ट जोडीत, विशिष्ट वेगाने, विशिष्ट आठवड्यांत गोळा होतो, त्याला आमच्या बँकेत हलगर्जी म्हणत असत.

आणि मागच्या रांगेतले गृहस्थ? त्यांचा राग मला समजतो, कारण जळीत विभागाच्या बाहेरच्या बाकड्यावर पहिले चार दिवस मीही तेच म्हणत होते. पण तो राग माणसे मारतो. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मेले. लस मुंबईत हाफकिन यांनी तयार केलेली, त्याच प्लेगवर ज्याने 1897 मध्ये आपले पुणे रिकामे केले होते. लगेच लसच दोषी ठरली, हाफकिन निलंबित झाले, आणि त्यांचे नाव स्वच्छ व्हायला 1907 उजाडले. मेलेले एकोणीसच्या एकोणीस जण एकाच बाटलीतली लस टोचलेले होते. ती बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. चूक त्या चिमट्याची. लस ज्यांनी त्या भीतीने नाकारली, त्यांच्या दारी प्लेग मात्र येतच राहिला.

फिटच्या गोळ्यांचेही तसेच आहे. अपस्मार असलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या फिट औषधांनी पूर्ण आटोक्यात येत नाहीत आणि त्यांच्यापैकी अनेकांना दोन औषधे लागतातच. लॅमोट्रिजिन-व्हॅल्प्रोएट ही जोडी तर एकमेकांना बळ देणारी म्हणून ओळखली जाते. जिथे एकेकटी हरतात तिथे दोघी मिळून काही रुग्णांत फिट थांबवतात. ती फेकून दिल्यावर काय? फिट चालू राहिलेल्या माणसाला विहिरीचा, स्टोव्हचा, रस्त्याचा धोका असतो. आणि अपस्मारात अचानक, बहुतेकदा झोपेत, मृत्यू येतो त्याचे प्रमाण मोठ्या माणसांत वर्षाला हजारी एक धरले जाते. विषाची भाषा करणाऱ्याने हा आकडाही उच्चारायला हवा.

माझ्या मते सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा आहे. तो डॉक्टरांनी रागात अर्धाच बोलला: सांगितले तर लोक घाबरतात आणि औषध सोडतात. हे घडते, मी पाहिले आहे. शेजारच्या इमारतीतल्या एका आईने आमची गोष्ट ऐकून मुलाची गोळी रात्रीतून बंद केली आणि तिसऱ्या दिवशी त्याला एकामागून एक अशा चार फिट आल्या. तरीही हा आक्षेप मला पटत नाही, कारण त्या आईला घाबरवले कोणी? इशाऱ्याने नव्हे, गोष्टीने घाबरवले. तिला फक्त कातडी सुटल्याचे कळले. कोणत्या गोळ्यांनी, किती वेगाने, कितव्या आठवड्यात, हे कोणी सांगितलेच नव्हते. तिचा मुलगा तीन वर्षे एकाच गोळीवर स्थिर होता. पहिले दोन महिने गेल्यावर हा धोका फार खाली येतो, एवढे एक वाक्य तिच्या हातात कागदावर असते तर ती निर्धास्त झोपली असती. अर्धवट माहितीची भीती पुऱ्या माहितीने जाते. मधुमेहाच्या रुग्णाला साखर अचानक उतरण्याची लक्षणे आपण सांगतोच ना? खिशात खडीसाखर ठेव म्हणतो. त्याने इन्सुलिन सोडले का?

न सांगण्याची किंमत आणखी एका वाटेने मोजली जाते, आणि हिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. ती वाट म्हणजे लपवाछपवी. 1999 साली विवाह कायद्यांत दुरुस्ती होऊन अपस्मार हा लग्नाला बाधा आणणारा आजार राहिला नाही. कायद्यातून गेला, पण मनातून गेला नाही. स्थळ पाहायला लोक येणार म्हणून गोळ्या कपाटात वरच्या फळीवर जातात. स्ट्रिपमधून काढून बिननावाच्या डबीत ठेवल्या जातात. लग्नाच्या आठवड्यात पाहुण्यांच्या गर्दीत घेणे राहून जाते, सासरी पहिले काही दिवस घेताच येत नाहीत. मग फिट येईल या भीतीने एके दिवशी मुलगी पूर्वीचा पूर्ण डोस एकदम सुरू करते. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत हे फार घातक आहे. पाच-सहा दिवसांहून जास्त खंड पडला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुन्या डोसवर जायचे नसते. बहुधा पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. हे किती मुलींना माहीत आहे? आमच्या घरीही जवळच्या डॉक्टरांना फिटची गोष्ट सांगितली नाही म्हणूनच दोन दिवस हातचे गेले. पुण्यात अपस्मार असलेल्यांसाठी संवेदनासारखे मदतगट काम करतात, लोकांना उघड बोलायला धीर देतात. तो धीर मी आजवर मनाच्या आधारापुरता समजत होते. आता मला कळते की तो औषधाइतकाच कातडी वाचवणारा आहे.

डॉक्टरांकडे वेळ नसतो, हा शेवटचा आक्षेप. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी नऊपासून रांग असते, एका रुग्णाला चार मिनिटे मिळाली तर पुष्कळ. मी ते मान्य करते आणि म्हणूनच म्हणते की हे काम एकट्या डॉक्टरच्या स्मरणशक्तीवर आणि सौजन्यावर सोडू नका. बँकेत शंभर रुपयांचे व्हाउचरही एका सहीवर पास होत नाही. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे. पहिला माणूस लबाड आहे असे त्यात गृहीत नसते, तो माणूस आहे एवढेच असते. औषधाच्या चिठ्ठीवर ही दुसरी सही औषध दुकानदाराची असायला हवी, आणि कायद्याने ती आहेही. 1945 च्या औषध नियमांनुसार चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यायची असतात आणि लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे उत्पादन परस्पर द्यायचे नसते. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत तर रुग्णाला औषध समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून लिहिले आहे. काउंटरवरच्या मुलाने निळ्या पेनने खूण केली त्या क्षणी हे दोन्ही नियम भिंतीवरच्या परवान्याच्या चौकटीत लटकत होते.

दोन औषधांच्या भेटीवर कोणाचेच लक्ष नसले की काय होते, हे जपानने 1993 मध्ये पाहिले. नागिणीवरचे सोरिव्हुडिन नावाचे नवे औषध बाजारात आले. कर्करोगावरच्या एका जातीच्या औषधांचा शरीरात होणारा निचरा ते बंद पाडत होते. दोन्ही एकत्र गेलेल्या रुग्णांपैकी पंधरा जण काही आठवड्यांतच मेले. नागीण बरी करणारा आपले काम नीट करत होता, कर्करोग बरा करणाराही. मधल्या जागेत कोणी उभे नव्हते. आपल्याकडे तीच मधली जागा मेडिकलच्या काउंटरवर आहे.

मग करायचे काय? अमेरिकेत लॅमोट्रिजिनची सुरुवातीची पाकिटे रंगांनी वेगळी केलेली मिळतात. व्हॅल्प्रोएट चालू असेल त्याला निळे, कार्बामाझेपिन-फेनिटॉइनच्या जातीचे चालू असेल त्याला हिरवे, दोन्ही नसेल त्याला नारिंगी. पाकिटात दिवसावार गोळ्या लावलेल्या. ही काही रॉकेट बनवण्याची विद्या नाही. दहाच्या सुट्या स्ट्रिपांऐवजी असे पाकीट आपल्या कंपन्या काढू शकतात आणि शासन त्यांना तसे सांगू शकते. ते येईपर्यंत एक कागद पुरे, मराठीत, ठळक अक्षरांत: कोणत्या तारखेला किती मिलिग्रॅम. खाली तीन ओळी. पुरळ, ताप, तोंड येणे, डोळे लाल होणे यांपैकी काहीही झाले तर नव्या गोळीचा पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जुनी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर हा कागद दाखवा. एवढ्याला चार मिनिटेही लागत नाहीत. कागद डॉक्टरने द्यावा, दुकानदाराने गोळ्यांशी ताडून त्यावर सही करावी.

काही जण म्हणतील, हे कागद कशाला, कोणाला धोका आहे ते आधीच रक्ताच्या तपासणीने पाहा. कार्बामाझेपिनबाबत हे म्हणणे अंशतः खरे आहे. 2004 मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवले की कार्बामाझेपिनमुळे हा आजार झालेल्या तिथल्या 44 रुग्णांपैकी सगळ्यांमध्ये एचएलए-बी 1502 हे जनुकरूप होते. 2007 पासून अमेरिकेचे औषध प्रशासन आशियाई वंशाच्या लोकांना कार्बामाझेपिन देण्याआधी ही तपासणी सुचवते, सिंगापूरने 2013 मध्ये ती नव्या आशियाई रुग्णांसाठी रीतसर केली. आपल्याकडे गुजरातमधल्या एका छोट्या अभ्यासात आठपैकी सहा रुग्णांत तेच सापडले. तपासणी स्वस्त व्हावी, कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी सर्रास व्हावी, याला माझा पाठिंबा आहे. पण हाँगकाँगचा अनुभव विसरू नये. तिथे 2008 मध्ये ही तपासणी धोरण म्हणून आली. कार्बामाझेपिनमुळे होणारा हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. पण फिटच्या सगळ्या औषधांमुळे होणारा एकूण आकडा घटलाच नाही, कारण तपासणी टाळण्यासाठी डॉक्टर फेनिटॉइनसारख्या, त्याच आजाराशी जोडलेल्या दुसऱ्या औषधांकडे वळले. एका दरवाजाला कुलूप लावले, घर उघडेच राहिले. लॅमोट्रिजिनला तर असे कुलूपच अजून नाही. तिथे पायरी-पायरीने चढणे हेच कुलूप.

राहिली नोंद. भारतात 2010 पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. रुग्ण स्वतः 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवू शकतो, अर्ज मराठीतही आहे. हे मला पासष्टाव्या वर्षी, स्वतःच्या घरात घडल्यावर कळले. ज्या तीन ठिकाणी भाची गेली त्यांपैकी एकानेही आम्हाला हे सांगितले नव्हते.

गेल्या रविवारी आम्ही दोघींनी तो अर्ज भरला. ती बोलत होती आणि मी लिहीत होते, कारण फार वेळ कागदाकडे पाहिले की तिचे डोळे जळतात. औषध किती घेतले, या रकान्याशी मी थांबले. डॉक्टरांनी सांगितलेले लिहू की प्रत्यक्षात घेतलेले? तिने आतल्या खोलीतून ती स्ट्रिप आणली. तिच्या आईने फेकून दिली होती, हिने कचऱ्यातून काढून ठेवली होती. पाठीवरची निळी खूण अजून स्पष्ट वाचता येते. मी दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक, आणि स्ट्रिपचा फोटो जोडला.